कागदी रणगाड्यांची घडण

पोलंडमध्ये १९५७ साली एक आगळे मासिक निघू लागले. 'मावी मोदेलाश' हे त्याचे नाव. मराठीत सांगायचे तर 'छोटा प्रतिकृतिकार'. त्यात वाचण्यासारखे थोडे आणि कापण्यासारखे पुष्कळ असे. आतल्या पानांवर रंगीत तुकडे छापलेले असत. ते कात्रीने कापायचे, दाखवलेल्या रेषांवर मोडायचे आणि क्रमांकांप्रमाणे एकमेकांना चिकटवायचे. एका अंकातून जहाज तयार होई, दुसऱ्यातून विमान, तिसऱ्यातून रणगाडा. योगायोग असा की त्याच वर्षी शेजारच्या चेकोस्लोव्हाकियातही 'आबेत्से' नावाचे मुलांचे विज्ञान-तंत्रज्ञानाचे नियतकालिक सुरू झाले आणि त्याच्या पानांवरही अशाच प्रतिकृती येऊ लागल्या. तिथले वास्तुविशारद रिखार्ड विश्कोव्स्की यांनी कागदात उभारलेले किल्ले आणि राजवाडे आजही तिकडचे लोक आवडीने आठवतात. पोलंडच्या मासिकामागे मात्र तरुणांना सैनिकी शिक्षणाची गोडी लावणारी एक संघटना होती. तेव्हा तिथे जहाजे, विमाने आणि रणगाडे यांची चलती असणे स्वाभाविकच होते.

कागदी प्रतिकृतींची कल्पना अर्थात त्याहून जुनी आहे. फ्रान्समधील एपिनाल गावचा पेलेराँ छापखाना आणि जर्मनीतील एसलिंगेनचे श्रायबर प्रकाशन यांनी एकोणिसाव्या शतकातच मुलांसाठी कापून जोडायचे तक्ते छापून विकले होते. दुसऱ्या महायुद्धात धातू युद्धकामाला गेला, खेळण्यांचे कारखाने दारूगोळा बनवू लागले, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतही कागदी प्रतिकृतींना बरे दिवस आले. महायुद्धानंतरच्या पूर्व युरोपात तर दुसरा पर्यायच नव्हता. पाश्चात्त्य बनावटीचे प्लास्टिकचे संच तिकडे सहज मिळत नसत. कागद, कात्री आणि डिंक मात्र घरोघरी होते.

हा सारा इतिहास मनोरंजक असला तरी आम्हाला येथे एका वेगळ्याच प्रश्नाकडे लक्ष वेधायचे आहे. रणगाडा मुळात कागदाचा होतोच कसा? कागदाचा घोडा करून पाहा. तो कितीही कसबी हातांनी केला तरी लाकडी ठोकळ्यांचा दिसतो. कागदाचा आंबा तर होतच नाही. पण पहिल्या महायुद्धातला रणगाडा कागदात केला तर मूळ वस्तूशी त्याचे साम्य थक्क करणारे असते. हे नुसते कारागिराचे कौशल्य नव्हे. कागदाला जे जमते आणि जे जमत नाही, तेच बऱ्याच अंशी पोलादाच्या जाड पत्र्यालाही जमते आणि जमत नाही. त्यामुळे कागदी रणगाड्याचे तक्ते ओळीने मांडले, तर रणगाडे बनवणाऱ्या कारखान्यांचा इतिहास त्यांवर वाचता येतो.

कागदाला काय जमते?

आपल्या भूमितीच्या पुस्तकांत घनाची 'घडण' दिलेली असते. सहा चौरस एकमेकांना जोडून काढलेली ही सपाट आकृती मोडली की पेटी तयार होते. अशा वेगवेगळ्या घडणी घनाला अकरा आहेत. त्या मुलांनाच शोधायला लावाव्यात, तासाभराचा चांगला खेळ होतो. न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ साली छापलेल्या मोजमापावरील पुस्तकात बहुपृष्ठकांच्या अशा घडणी काढून दाखवल्या होत्या. घडणींची कल्पना छापील रूपात रूढ होण्यात त्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. विषय जुना असला तरी तो संपलेला नाही. कोणत्याही बहिर्वक्र बहुपृष्ठकाला केवळ त्याच्या कडांवर कापून, तुकडे एकमेकांवर न चढता, सलग सपाट उलगडता येईल का? हा प्रश्न जेफ्री शेपर्ड या गणितज्ञाने १९७५ साली स्पष्टपणे मांडला आणि त्याचे उत्तर अद्याप कोणालाही देता आलेले नाही. सातवीच्या मुलाला समजणारा आणि गणितज्ञांना न सुटलेला असा प्रश्न वर्गात जरूर सांगावा.

सपाट बाजूंच्या वस्तूंबद्दल एवढे झाले. वक्र वस्तूंचे काय? वृत्तचितीचे वक्रपृष्ठ उलगडले की आयत मिळतो. शंकूचे उलगडले की वर्तुळाची पाकळी मिळते. भेळवाला कागदाची पुडी करतो तेव्हा तो याच्या उलट क्रिया करत असतो. पण गोल? संत्र्याची साल सोलून टेबलावर दाबून पाहा. ती कडांना फाटल्याशिवाय सपाट होत नाही. उलट, सपाट कागद वाटीवर दाबून बसवायला गेलो तर काठाशी चुण्या पडतात. कोणती पृष्ठे न ताणता, न फाडता सपाट उलगडता येतात, या प्रश्नाचा अभ्यास लेओनहार्ड ऑयलर आणि गास्पार माँज या दोघांनी १७७० च्या सुमारास केला. यांपैकी माँज हा फ्रान्समधल्या मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी शाळेत होता. तटबंदीची उंची कशी ठरवावी, म्हणजे आतले सैनिक शत्रूच्या माऱ्यापासून झाकले जातील, या प्रश्नाचे उत्तर त्याने लांबलचक आकडेमोड टाळून केवळ आकृत्यांनी काढले. ही रीत इतकी उपयुक्त ठरली की ती बरीच वर्षे लष्करी गुपित म्हणून राखली गेली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९५ साली, माँजने ती जाहीर व्याख्यानांत शिकवली. आज आयटीआयमध्ये पत्र्याचे काम शिकणारा विद्यार्थी जी रेखाटने काढतो, त्यांचे मूळ तिथे आहे.

गोल का उलगडत नाही, याचे नेमके कारण कार्ल फ्रीडरिख गाउस याने १८२८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात सापडते. पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूपाशी त्याने वक्रतेचे एक माप ठरवले आणि सिद्ध केले की पृष्ठ न ताणता कितीही वाकवले तरी हे माप बदलत नाही. कागदासाठी ते शून्य असते. वृत्तचिती आणि शंकू एकाच दिशेने वाकलेले असतात, दुसऱ्या दिशेने सरळ; त्यांचेही माप शून्य. गोल मात्र दोन्ही दिशांनी वाकलेला असतो, त्याचे माप शून्य नसते. म्हणून कागदाचा गोल करायचा तर कागद ताणला पाहिजे, आणि कागद ताणला की फाटतो. थोडक्यात, कागद एका वेळी एकाच दिशेने वाकतो. ही गोष्ट लक्षात ठेवून आता रणगाड्याकडे वळू.

चिकटपट्टी आणि अँगल

पहिला रणगाडा इंग्लंडमध्ये लिंकन गावी तयार झाला. विल्यम फॉस्टर आणि कंपनी हा शेतीची यंत्रे बनवणारा कारखाना. विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन यांनी १९१५ साली तिथे आखणी केली आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत ही यंत्रे प्रथम रणांगणावर उतरली. गुप्तता राखण्यासाठी त्यांना पाण्याच्या टाक्या म्हणत. इंग्रजीतले 'टँक' हे नाव तिथूनच चिकटले. आरंभीचे नमुने तर बॉयलरच्या साध्या पत्र्याचेच होते. ज्या कारागिरांनी जन्मभर बॉयलर आणि टाक्या केल्या त्यांनीच हे काम केले आणि ते त्याच पद्धतीने केले. पत्रे कापायचे, कोपऱ्यात आतून लोखंडी अँगल लावायचा आणि दोन्ही पत्रे त्या अँगलला रिव्हेटांनी पक्के करायचे.

आता कागदी तक्ता पाहा. प्रत्येक तुकड्याच्या कडेला एक अरुंद पट्टी ठेवलेली असते. ती मोडून, तिला डिंक लावून शेजारचा तुकडा तिच्यावर बसवतात. ही चिकटपट्टी म्हणजे तोच अँगल. साम्य इथेच थांबत नाही. या पहिल्या रणगाड्याचे, म्हणजे 'मार्क एक'चे, कवच जास्तीत जास्त १२ मिलिमीटर जाड होते. पोलिश तक्त्यांचे रणगाड्यांसाठीचे रूढ प्रमाण १:२५ आहे. १२ ला २५ ने भागले की जवळजवळ अर्धा मिलिमीटर येतो, आणि तुकड्यांना मागून चिकटवण्यासाठी तिकडे जो नेहमीचा पुठ्ठा सांगतात तोही अर्ध्या मिलिमीटरचाच! या रणगाड्याची कागदी प्रतिकृती केवळ आकाराने नव्हे तर भिंतींच्या जाडीनेही खरी ठरते. बाहेरून दिसणारे शेकडो रिव्हेट करण्यासाठी हौशी लोक टाचणीच्या टोकाने डिंकाचे थेंब ठेवतात. ते ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या मते छापील ठिपके पुरेत.

फ्रान्सचा रेनो कंपनीचा छोटा रणगाडा १९१७ साली आला. सर्व बाजूंना फिरणारा बुरूज आणि त्यात तोफ किंवा मशीनगन ही आजची रचना त्यानेच रूढ केली. त्याचे बुरूज दोन प्रकारचे आढळतात: एक गोलसर, ओतकामाचा आधार घेऊन केलेला, दुसरा अष्टकोनी, सपाट पत्र्यांना रिव्हेट मारून केलेला. ओतकामाला चांगली फाउंड्री लागते. अष्टकोनी बुरूज पत्रेकाम करणाऱ्या कोणत्याही कारखान्यात होऊ शकतो. कागदात अष्टकोनी बुरूज अर्ध्या तासात होतो. गोलसर बुरुजाला संध्याकाळ जाते आणि तरी समाधान होत नाही. पुढच्या साऱ्या इतिहासात हीच फारकत पुन्हा पुन्हा दिसणार आहे.

त्या इतिहासात शिरण्यापूर्वी खऱ्याखुऱ्या कागदी रणगाड्यांची एक हकीकत सांगायला हवी. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला रणगाडे बनवण्यास आणि बाळगण्यास बंदी केली. मग जर्मन सैन्याने सरावासाठी सोंगे उभी केली. छोट्या मोटारगाड्यांवर पुठ्ठा, लाकूड आणि कापड यांचा रणगाड्यासारखा सांगाडा चढवायचा आणि कवायतीच्या मैदानावर फिरवायचे. हाइन्झ गुडेरियान या सेनानीने आत्मचरित्रात लिहिले आहे की शाळकरी मुले या कापडी भिंतींतून पेन्सिली खुपसून आत काय आहे ते बघत. पुढे गाड्यांवर खरा पत्रा आला तेव्हा त्या मुलांची निराशा झाली. हसू येते खरे. पण रणगाड्यांनी एकत्रितपणे कसे हलावे, रेडिओवरून त्यांना कसे हुकूम द्यावेत, याचा सराव त्या सोंगांवर झाला, आणि १९३९ साली त्याचा पहिला तडाखा बसला तो पोलंडलाच.

एका रणगाड्याचे तीन बुरूज

दुसऱ्या महायुद्धापर्यंत रिव्हेट मागे पडले. गोळा बाहेरून आदळला की रिव्हेटाचे डोके तुटून आतल्या सैनिकांच्या अंगावर बंदुकीच्या गोळीसारखे उडे. त्याची जागा वेल्डिंगने घेतली. कागदाच्या भाषेत सांगायचे तर चिकटपट्टी गेली आणि कडेला कड जोडणे आले.

सोव्हिएत रशियाचा टी-३४ हा या काळातला सर्वांत बोधप्रद रणगाडा. खार्किव्ह शहरात मिखाईल कोशकिन यांच्या देखरेखीखाली त्याची आखणी झाली. त्याच्या धडाची पुढची प्लेट ४५ मिलिमीटर जाड, पण उभ्या रेषेपासून ६० अंश मागे कललेली. समोरून आडव्या येणाऱ्या गोळ्याला ती किती जाड भासेल? ४५ भागिले ६० अंशांची कोज्या, म्हणजे ९० मिलिमीटर. दहावीच्या त्रिकोणमितीला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. आणि या धडाची घडण किती सोपी! थोडे समलंब चौकोन, थोडे आयत. जर्मन सैन्य चालून आले तेव्हा १९४१ साली हे कारखाने उरल पर्वताकडे हलवण्यात आले. कीव्हच्या येवगेनी पातोन यांची वेल्डिंगची संस्थाही निझ्नी तागील येथे गेली. आपोआप चालणारे वेल्डिंगचे यंत्र तिथे रणगाड्यांसाठी वापरात आले. असे यंत्र सरळ, लांब सांध्यावर उत्तम चालते, आणि सपाट प्लेटांच्या धडाला सांधे असतात ते सरळच. त्यामुळे अनुभवी वेल्डर नसतानाही काम अडले नाही.

बुरुजाची गोष्ट निराळी. टी-३४ चे बुरूज तीन रीतींनी झाले. काही लाटलेल्या प्लेटा वाकवून आणि वेल्ड करून. काही वाळूच्या साच्यात पोलाद ओतून. आणि काही आजच्या येकातेरिनबुर्ग शहरातील उरलमाश कारखान्यात, तापवलेली ४५ मिलिमीटरची प्लेट प्रचंड दाबयंत्रात घालून एका दाबात आकार देऊन. पहिल्या प्रकारचा बुरूज कागदाचा सरळ होतो. दुसऱ्या प्रकारचा जुळवाजुळव करून बराचसा होतो, कारण त्याच्या भिंती पुष्कळशा सपाट आहेत. तिसऱ्यापाशी मात्र कागद हात टेकतो. तापलेले पोलाद दाबाखाली ताणले जाते, म्हणजे गाउसचे ते माप शून्य राहत नाही. कागदाला ही सोय नाही. आकार तोच, रणगाडा तोच, पण हा बुरूज कोणत्या कारखान्यात झाला हे कागद अचूक ओळखतो.

जर्मनांच्या टायगर रणगाड्यात याच्या उलट अनुभव येतो. हे अवजड यंत्र बहुतेक सर्व सपाट प्लेटांचे. बुरुजाच्या दोन्ही बाजू आणि पाठ ही ८० मिलिमीटर जाडीची एकच प्लेट घोड्याच्या नालेसारखी वाकवून केलेली आहे. वाकणे एकाच दिशेने असल्यामुळे कागदात ती एकच लांब पट्टी होते. प्लेट जाड असल्याने वाकवताना तिचा बाहेरचा थर ताणला आणि आतला दाबला जातो. पुठ्ठ्याचेही तेच होते, त्याचा बाहेरचा थर तडकतो. म्हणून जाणकार लोक जाड पुठ्ठा वाकवण्याऐवजी पातळ कागदाचे थर एकावर एक वाकवून चिकटवतात. टायगरची खरी परीक्षा खाली, चाकांपाशी असते. सुरुवातीच्या टायगरला एकमेकांत गुंतलेली ४८ चाके होती आणि दोन पट्ट्यांना मिळून १९२ कड्या. हा सारा चिकाटीचा भाग आहे, भूमितीचा नव्हे, म्हणून तो येथे सोडून देऊ.

मात्र टायगरच्या निमित्ताने प्रमाणाचा हिशेब करून घ्यावा. प्रमाण १:२५ म्हणजे मीटरला चार सेंटिमीटर. तोफेसकट सुमारे साडेआठ मीटर लांबीचा टायगर ३४ सेंटिमीटरचा होतो. क्षेत्रफळे मात्र २५ पट नव्हे तर ६२५ पट कमी होतात, आणि घनफळ १५,६२५ पट. खऱ्या टायगरचे वजन सुमारे ५७ टन. तेच पोलाद वापरून हुबेहूब प्रतिकृती केली तर ती किती भरेल? साडेतीन किलोंहून थोडी जास्त. वजन १५,६२५ पटीने घटले, पण ते पेलणाऱ्या पट्ट्यांचे क्षेत्रफळ ६२५ पटीनेच घटले. म्हणजे जमिनीवरचा दाब २५ पट कमी झाला. लहान वस्तू स्वतःच्या वजनाखाली का मोडत नाहीत, हे गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात हाडांचे उदाहरण देऊन सांगितले होते. पोलादाचे काम कागद करू शकतो तो याच सवलतीवर. प्लास्टिकच्या संचांत रूढ झालेल्या १:३५ या प्रमाणाला मात्र असा कोणताही हिशेब नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याचा संच काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या बसाव्यात एवढा आकार घेतला आणि मग भागाकार करून पाहिला तेव्हा हे प्रमाण निघाले!

अमेरिकेचा शर्मन रणगाडा तर एकाच वेळी दोन रूपांत बनत होता. एका प्रकाराचे धड ओतीव, साबणाच्या वापरलेल्या वडीसारखे गुळगुळीत. दुसऱ्याचे वेल्ड केलेले, कोनाकोनांचे. कारण साधे होते: एवढी मोठी ओतकामे करणाऱ्या फाउंड्र्या अमेरिकेतही मोजक्याच होत्या. बुरूज मात्र सर्वांचे ओतीव. लाटलेले पोलाद त्याच जाडीच्या ओतीव पोलादापेक्षा चिवट असते, कारण लाटताना त्याचे कण दबून घट्ट बसतात. तरीही ओतकाम हवेसे वाटे, कारण वक्र पृष्ठावरून गोळा घसरतो आणि पाहिजे तिथे जाडी वाढवता येते.

घुमटाचा काळ

युद्धानंतर ओतीव बुरुजांचा काळ आला. सोव्हिएत टी-५४ चा बुरूज पालथ्या वाडग्यासारखा अर्धगोल. हा रणगाडा आणि त्याचा पुढचा अवतार टी-५५ पोलंडमध्येच परवान्याने तयार होत. तक्ता आखणाऱ्यापुढे आता गाउस आडवा आला. यातून वाट काढण्याच्या दोन युक्त्या आहेत. एक, घुमट पाकळ्यांत चिरायचा, संत्र्याच्या फोडींसारखा. मार्टिन वाल्डझेम्युलरने १५०७ साली पृथ्वीचा नकाशा अशाच बारा पाकळ्यांत छापला होता, गोलावर चिकटवण्यासाठी. दोन, घुमटाचे आडवे काप करायचे आणि प्रत्येक काप शंकुछेदाची पट्टी मानायचा. दोन्हींत थोडी चूक उरतेच. बारा पाकळ्या घेतल्या तर वर्तुळाच्या जागी बारा बाजूंची आकृती येते आणि बाजूच्या मध्याशी त्रिज्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी पडते. चार सेंटिमीटर त्रिज्येच्या बुरुजात ही तूट दीड मिलिमीटरपर्यंत जाते. डोळ्याला सहज दिसते. पाकळ्या वाढवल्या की चूक घटते, सांधे वाढतात. आमची पसंती आडव्या पट्ट्यांना आहे, पण याबद्दल मतभेद असू शकतात.

त्या देशांतल्या मुलांना रणगाडा केवळ टेबलावर भेटत नव्हता. पोलंडच्या दूरचित्रवाणीवर १९६६ पासून टी-३४ मधल्या चौघा सैनिकांची आणि त्यांच्या कुत्र्याची मालिका सुरू झाली आणि तो रणगाडा मुलांचा लाडका झाला. ऑगस्ट १९६८ मध्ये त्याच पोलंडचे रणगाडे सोव्हिएत सैन्याबरोबर चेकोस्लोव्हाकियात घुसले. १३ डिसेंबर १९८१ रोजी पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला तेव्हा ते वॉर्साच्या बर्फाळ रस्त्यांवर स्वतःच्याच नागरिकांसमोर उभे होते. मुलांच्या हाती युद्धयंत्रांच्या प्रतिकृती द्याव्यात का, असा प्रश्न शिक्षक विचारतात आणि तो रास्त आहे. आम्हाला वाटते की द्याव्यात, पण नावासकट आणि तारखेसकट. कोणता रणगाडा, कोणी केला, कोठे चालवला गेला, कोणावर; हे त्या पुठ्ठ्याच्या तळाशी लिहून ठेवायला लावावे. १९८९ नंतर पोलंडमध्ये खासगी प्रकाशक या क्षेत्रात आले आणि तक्ते फार बारकाईचे झाले, पण एवढी साधी गोष्ट बारकाव्यांत हरवू नये.

अहिल्यानगरची सहल

या विषयासाठी आपल्याला युरोपात जावे लागत नाही. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, चिलखती दलाचे रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झाले. चर्चिल, सेंच्युरियन, पॅटन, विजयंता असे नाना देशांचे आणि काळांचे रणगाडे तिथे उघड्यावर उभे आहेत. शाळेची सहल तिथे जाते, मुले तोफेपाशी उभी राहून फोटो काढतात आणि परत येतात. त्याऐवजी प्रत्येक गटाला वही द्यावी आणि एकच प्रश्न द्यावा: यातला कोणता भाग कागदाचा होईल, कोणता होणार नाही?

चर्चिलच्या धडापाशी मुले पटकन 'होईल' म्हणतील. विजयंताचे धडही होईल. तो ब्रिटिश विकर्स कंपनीच्या आराखड्यावरून चेन्नईजवळ आवडी येथे १९६५ पासून तयार होऊ लागला. पॅटनपाशी मात्र वाद होईल, आणि तो व्हावा. एम-४८ जातीच्या पॅटनचे धड एकाच अखंड ओतकामाचे, होडीच्या तळासारखे, आणि बुरूज पालथ्या अंड्यासारखा. त्यावर सरळ रेषा शोधून सापडत नाही. वर्गातली पट्टी वेगवेगळ्या दिशांनी पृष्ठाला टेकवून पाहावी. एखाद्या तरी दिशेने ती पूर्ण टेकली तर कागदाला आशा आहे. कोणत्याच दिशेने टेकली नाही तर सोडून द्यावे. (काटेकोर गणितात एवढे पुरत नाही, पण रणगाड्यापुरते चालते.) सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील असल उत्तर येथे आपल्या सैन्याने जे पॅटन निकामी केले आणि पकडले, त्यांतले कित्येक नंतर देशभरच्या छावण्यांत आणि चौकांत ठेवले गेले. तेव्हा नगरला जाणे न जमल्यासही पट्टी टेकवायला रणगाडा कोठे तरी मिळू शकतो.

घुमटाचा काळ १९७०-८० च्या दशकात सरला. गोळे इतके भेदक झाले की केवळ पोलादाची जाडी वाढवून भागेना. ब्रिटनमध्ये पोलाद, सिरॅमिक आणि इतर पदार्थांचे थर एकावर एक बसवलेले कवच तयार झाले. त्याची नेमकी घडण सर्वच देश गुप्त ठेवतात. पण एक गोष्ट बाहेरून दिसते: सिरॅमिकच्या फरशा आणि थरांच्या पेट्या वक्र करणे अवघड, म्हणून असे कवच सपाट ठोकळ्यांनी बसवणे सोयीचे. जर्मनीचा लेपर्ड-२ १९७९ साली आणि अमेरिकेचा एब्रम्स १९८० साली सैन्यात आला, दोघांचेही बुरूज पुन्हा सपाट बाजूंचे, कोनाकोनांचे. रशियाच्या टी-७२ चा बुरूज ओतीव होता; टी-९० चा आधी ओतीव आणि नंतर वेल्ड केलेला झाला. साठ वर्षांनी रणगाडा कागदाकडे परत आला.

आपला अर्जुन सैन्यात २००४ पासून दाखल होऊ लागला. त्याचे कांचन नावाचे थरांचे कवच हैदराबादच्या रक्षा धातुकर्म अनुसंधान प्रयोगशाळेने विकसित केले. अर्जुनच्या बुरुजाच्या बाजू सपाट आहेत. छायाचित्रे पाहून आठवी-नववीची मुले त्याची घडण स्वतः काढू शकतील. पट्टी, कोनमापक, कार्डशीट आणि मोडायच्या रेषा दाबण्यासाठी शाई संपलेले बॉलपेन एवढे पुरते. तोफेची नळी तेवढी शेवटी करावी. कागद गिरणीत तयार होताना त्याचे तंतू एका दिशेने लागतात. म्हणूनच वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे. सरळ फाटण्याची दिशा नळीच्या लांबीशी समांतर ठेवून कागद सळईवर गुंडाळला तर नळी गोल येते. आडवा ठेवला तर तिला चपटे पैलू पडतात.